पडद्यावरच्या डासाचे सोंग

मी डास बोलते आहे. टाळीसाठी उचललेले हात कृपा करून खाली घ्यावेत. माझा देह एखाद्या गुबगुबीत मांजराएवढा आहे, दोन तळव्यांत मी मावायची नाही. शिवाय मी मादी आहे. डासांमध्ये रक्त पिते ती मादीच, तेही पोटातल्या अंड्यांसाठी. नर बिचारा फुलांच्या रसावर आयुष्य काढतो. मला घडवले गेले ते एकाच कामासाठी. चित्रपटात एका झोपलेल्या बाईच्या हातावर बसायचे आणि तिचे रक्त प्यायचे.

माझ्यात प्राण नाही. पोलादी तार, रबर, राळ, नायलॉनचे केस आणि थोडासा गोंद, इतकाच हा पसारा. परंतु देह म्हटला की त्याला घडवणारे हात आले, आणि ‘मी कशासाठी?’ हा प्रश्नही आला. तो प्रश्न मला जन्मापासून आहे. त्याचे उत्तर मला मिळाले तेही एका घोटाळ्यामुळे. त्या घोटाळ्याची हकिकत ऐकवावी म्हणून आज बोलायला बसले आहे.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, एक लांबट खोली आहे. तिथे खोटी झाडे, खोटे खडक, खोटे पक्षी तयार होतात. खोलीत एकच मोठी खिडकी आणि खिडकीपाशी एक रुंद टेबल. जो त्या टेबलाशी बसतो त्याच्या हातून प्राणी घडतात. उरलेली मंडळी भिंतीकडे तोंड करून दगड रंगवतात. त्या जागेवर अर्धे आयुष्य एक वृद्ध कारागीर बसत आले होते. सारा स्टुडिओ त्यांना आबा म्हणतो. कामाला हात घालण्यापूर्वी ते क्षणभर डोळे मिटत. कोणी कौतुक केले तर म्हणत, “करणारा वेगळा आहे बाबा. मी नुसते हात पुरवतो.”

पुढे त्याच हातांना कंप सुटला. सुई धरवेना, ब्रश टेकवला की रेघेचा नाग होई. तेव्हा त्यांच्या सुनेने, जी इतके दिवस भिंतीशी बसून दगड रंगवत होती, खिडकीजवळची जागा मागितली. मागितली ती आबांकडे नव्हे, चित्रपटाच्या दिग्दर्शिकेकडे. कारण कोणाला कोणते काम द्यायचे ते ठरवणे त्या बाईंच्या हाती. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

मॅडमनी साफ सांगितले, “हा डास तू कर. जमला तर पुढचे सगळे प्राणी तुझे. पण पडद्यावर बाहुली वाटली, तर हे काम वरच्या मजल्यावर जाईल आणि पुन्हा इथे येणार नाही.”

वरच्या मजल्यावर संगणकावर चित्रे करणारी मंडळी बसतात. तिथे रबरही लागत नाही आणि गोंदही लागत नाही.

अशा रीतीने माझ्या जन्माआधीच माझ्या गळ्यात एका बाईची खुर्ची अडकवली गेली होती.

सूनबाई मुळातच चौकस. तिने तारेला हात लावण्यापूर्वी जुन्या चित्रपटांतले डास पाहायचे ठरवले. आबांना शेजारी बसवून, चहाचे पेले मांडून, तिने दुपारच्या दुपार त्यात घालवल्या. त्या वेळी मी टेबलावर नुसता तारेचा सांगाडा होते. पण डोळे आधी बसवले होते. मेणावर चाळणीचा ठसा उमटवून, त्यात राळ ओतून केलेले ते डोळे, शेकडो बारीक घरांचे. त्यांतून मी माझे पूर्वज पाहिले.

काय सांगू! एका चित्रपटात डास म्हणजे दोऱ्याला बांधलेला काळा ठिपका. दुसऱ्यात तो बैलाएवढा, प्रयोगशाळेतून सुटलेला, मोटारींवर बसून त्या चेपणारा. मुलांच्या चित्रपटात त्याच्या गळ्यात लाळेरे बांधलेले आणि तोंडात सरबताची नळी. कितीएक वेळा तर डास दिसतच नाही. नुसती गुणगुण ऐकू येते, आणि ज्याला फौज हरवू शकत नाही असा नायक स्वतःच्याच गालावर थप्पड मारून घेतो. प्रेक्षागृह हसते.

“आबा, एक लक्षात आलं का? बसलेला डासही गुणगुणतो यांच्यात,” सूनबाई म्हणाली. “बसल्यावर पंख मिटतात. आवाज यायचा कुठून?”

“आवाज थांबला तर लोकांना वाटेल, उडून गेला.”

“आणि चावल्यानंतर खाजवताना कोणीच दिसत नाही.”

“खाजवणारा नायक कोणाला बघवणार? तो पाहा, तो भिंतीवर टांगलाय ना, तो माझा.” आबांनी बोट दाखवले. भिंतीवर धुळीत एक जुना डास लटकत होता, तोंडाशी पिसांसारख्या डौलदार मिशा असलेला. “त्याला आम्ही बादलीभर रक्त पाजलं. चित्रपट लागल्यावर एका मास्तरांनी सांगितलं, अहो, अशा मिशा नराच्या असतात.”

“म्हणजे साध्यासुध्या, फुलं हुंगणाऱ्या माणसावर खुनाचा आळ घेतलात की तुम्ही!”

“मिशा छान दिसत होत्या गं. मोह झाला.” आबा कानाला हात लावून हसले.

मी ऐकत होते आणि मला नवल वाटत होते. माणसांना डास ठाऊक नाही असे कसे म्हणावे? जन्मभराचा सहवास आहे. अंधारात नुसत्या आवाजावरून ती आम्हाला ओळखतात. मग पडदा उजळला की त्यांना आमच्यात राक्षस तरी का दिसावा, नाहीतर विदूषक तरी का? जो खरोखर त्यांच्या हातावर येऊन बसतो, त्याला पाहायला मात्र कोणाची तयारी नसते. समोर उभ्या असलेल्याला न पाहता त्याची मनातली मूर्तीच पाहत राहणे, हा माणसांचा स्वभाव मी तेव्हापासून कुतूहलाने न्याहाळत आले आहे.

सूनबाईने मात्र पाहायचे ठरवले. एका संध्याकाळी तिने बाही वर सरकवली, कोपर टेबलावर टेकले आणि दुसऱ्या हातात भिंग धरून ती निश्चल बसली. थोड्याच वेळात खिडकीतून एक खरी डासीण आली. आधी मनगटाभोवती घिरट्या, मग कोपराकडे, मग एका जागी अशी अलगद उतरली की त्वचेवरचा केसही वाकला नाही.

आबा आत आले आणि ओरडले, “अगं, मार तिला!”

“शू! हलू नका आबा. सावली पडते.”

“ताप येईल गं बाई. माझ्या मुलाला मी काय तोंड दाखवू?”

“त्यांना सांगा, तुमची बायको कामावर आहे. थांबा ना हो, पोट भरू दे तिचं. रंग बघायचाय मला.”

“पोट भरू दे म्हणे! पाहुणी आली आहे का?”

पण बोलता बोलता तेही वाकले. दोघांची डोकी एका भिंगावर टेकली. त्या सुईएवढ्या सोंडेचे बाहेरचे आवरण धनुष्यासारखे मागे वाकले आणि आतली बारीक शस्त्रे तेवढी त्वचेत उतरली. मागचे दोन पाय हवेत उचललेले. पोट आधी राखाडी, मग तांबूस, मग माणकाच्या खड्यासारखे लाल. कुठे धडपड नाही, कुठे क्रौर्य नाही. एखादे लेकुरवाळे माणूस घाईघाईने जेवते तशी ती जेवली, आणि जड होऊन, जरा झोकांड्या खात, खिडकीबाहेर गेली.

“किती देखणी आहे हो,” सूनबाई हात खाजवत म्हणाली.

“देखणी असेल. पण पुन्हा असलं काही करायचं नाही. आणि आता तो हात धू.”

ती अनाम डासीण मी माझी गुरू मानते. माझे उचललेले मागचे पाय, काळ्यावर पांढरे पट्टे, वाकणारे आवरण, सारे तिचे आहे. ती कुठे गेली, तिची अंडी कोणत्या डबक्यात उबली, मला ठाऊक नाही. गुरूचा पुढचा ठावठिकाणा शिष्याला बहुधा ठाऊक नसतोच.

माझा देह पुरा होत आला तेव्हा मॅडम पाहायला आल्या. टेबलापासून चार हात दूरच थांबल्या. त्यांना डासांची किळस होती. चित्रातला डाससुद्धा त्या तिरक्या नजरेने पाहत.

“दात कुठे आहेत?”

“मॅडम, डासाला दात...”

“नसतात, मला माहीत आहे. तरी हवेत. हे बघ, ताप कसा पसरतो त्याचा चित्रपट आहे हा. माझ्या मावशीचं घर या तापानं बसलं. दोन कर्ती माणसं गेली. मी डासाची बाजू मांडायला बसलेली नाही. लोकांना भीती वाटली पाहिजे, आणि घरी जाऊन त्यांनी मच्छरदाणी नीट खोचली पाहिजे.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सूनबाई हळूच म्हणाली, “दात लावले तर लोक म्हणतील, असला डास आमच्याकडे नसतो. मग मच्छरदाणी कपाटातच राहील.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिले, आबांकडे पाहिले. आबा खिडकीबाहेर पाहत होते. सुनेच्या परीक्षेत त्यांना उत्तर सांगायचे नव्हते.

“बरं. दात नकोत. पण पोट भरताना दिसलं पाहिजे. अगदी जवळून, एका दमात. आणि ते रबर आहे असं एकाही माणसाच्या मनात आलं...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. नुसते छताकडे, वरच्या मजल्याकडे बोट केले.

आता माझ्यासाठी हात हवा होता. ज्या अभिनेत्रीचे रक्त मी पिणार होते तिचा हात माझ्यापुढे काडीसारखा. म्हणून सूनबाईने दाराच्या फळीएवढी त्वचा ओतली, अर्धपारदर्शक रबराची. तिच्यावर छिद्रे कोरली, आणि तापवलेल्या सुईने एकेक केस रोवला. त्वचेखाली स्पंजाचा थर अंथरला. योजना अशी, की त्या स्पंजात लाल पाक असावा, म्हणजे वरून त्वचा गुलाबी दिसेल. मी सोंड रोवली की तो पाक माझ्या पोटात चढेल. आणि मी पोट भरून उठेन तेव्हा खालची जागा फिकट पडलेली असेल.

पहिली चाचणी झाली आणि सगळे मुसळ केरात गेले. पंपाने पाक पोटात ढकलला तरी रबर आधी हट्टाने तसेच राही. मग एकदम, फुग्यासारखे, टुणकन फुगे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा टुणकन. दगड रंगवणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी म्हणाले, “हिला ढेकर द्यायला लावा म्हणजे झालं!” सगळे हसले. सूनबाईही हसली, पण तिचे हात गार पडले होते. ते माझ्या पोटावर होते म्हणून मला कळले.

ती दुपार अशीच गेली. शेवटी, साफसफाई करावी म्हणून, तिने माझ्या पोटातला पाक सोडून दिला. नळी खाली केली आणि पाक आपल्या वजनाने उतरू लागला. पोट हळूहळू, एकही गचका न खाता, जिवंत प्राण्याच्या पोटासारखे ओसरत गेले.

“आबा! इकडे या. बघा, बघा कशी रिकामी होते आहे!”

“रिकामी होते छान. आपल्याला भरायची आहे ना?”

“मग रिकामी होतानाच चित्रण करू. आणि पडद्यावर उलटं चालवू!”

आबांनी आपले थरथरते दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. चित्रण शेवटाकडून सुरुवातीकडे चालवले, की सांडलेले पाणी पेल्यात परत शिरते. तसेच हे. मी भरल्या पोटाने वरून सरळ खाली उतरायचे, सोंड टेकवायची, पोटातले सगळे त्वचेखाली सोडायचे आणि सडपातळ होऊन सरळ वर जायचे. तेच उलट चालवले म्हणजे प्रेक्षकाला दिसणार, की उपाशी डास आला, पोटभर प्यायला आणि जड होऊन गेला.

चित्रणाच्या दिवशी मला दांडीवर टांगले. दिवे लागले, माझे पंख थरारले. सूनबाईने दांडी खाली आणली. सोंडेचे आवरण वाकले, नळी उघडली, आणि माझ्या पोटातला लाल भार उतरू लागला. खालची ती कोरड्या स्पंजावरची पांढरीफटक त्वचा माझ्या सोंडेभोवती आधी ठिपक्याएवढी, मग फुलाएवढी, मग तळहाताएवढी गुलाबी झाली. मी हलकी होत गेले. त्या वेळी मनात एवढेच आले, की जगाला मी घेताना दिसणार आहे. प्रत्यक्षात घडते आहे ते हे असे आहे.

“झालं का?” मॅडमनी विचारले. त्यांनी पूर्ण वेळ तोंड फिरवून भिंतीकडे पाहिले होते.

“झालं,” सूनबाई म्हणाली. तिने दांडी वर ओढून बांधली.

पुढचे सगळे संकलकांच्या हाती. त्यांना स्टुडिओत कात्रीकाका म्हणतात. आता कात्री लागत नाही, नाव तेवढे राहिले आहे. सूनबाई त्यांना दोनदा सांगून आली, “काका, तो तुकडा उलटा चालवायचा आहे हं.” कात्रीकाका म्हणाले, “अगं, हे केस काय उन्हात पांढरे झाले?” आणि त्यांनी तो खरोखर उलटवला, चित्रपटात बसवला, आणि ते जेवायला गेले. तुकड्यावर ‘उलटवणे बाकी’ अशी जी लाल खूण होती, ती पुसायची मात्र त्यांच्याकडून राहिली.

त्यानंतर मॅडम तिथे आल्या. चित्रपट थोड्याच वेळात काही मंडळींना दाखवायचा होता. लाल खूण दिसली. त्यांना वाटले, काका विसरले. त्यांनी स्वतःच तो तुकडा उलटवला आणि खूण पुसली. उलटवल्यावर एकदा चालवून पाहावा, हे कोणीही केले असते. पण डास रक्त पिताना पाहणे मॅडमच्या जिवावर आले. त्यांनी तो न पाहताच पुढे पाठवला.

छोट्या प्रेक्षागृहात पंचवीस-तीस माणसे जमली. स्टुडिओतली मंडळी, त्यांची घरची माणसे, आणि पहिल्या रांगेत एक निवृत्त परिचारिका, ज्यांनी रुग्णालयाच्या प्रसंगांसाठी सल्ला दिला होता. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. वरच्या मजल्याचे प्रमुखही आले होते. आबांनी हट्ट करून मला बरोबर आणले आणि झाकण टाकून आपल्या मांडीवर ठेवले. “जिचं काम तिनं बघावं,” ते म्हणाले. झाकणाच्या फटीतून मी पाहत होते.

चित्रपटातली परिचारिका दिवसभर तापाचे रोगी सांभाळून थकून पडते. तिचा हात खाटेवरून खाली लोंबतो. मच्छरदाणी खोचायची राहून गेली आहे. गुणगुण ऐकू येते. प्रेक्षक अंग चोरून बसले.

आणि मी आले. लालबुंद भरल्या पोटाची. त्या फिकुटलेल्या हातावर उतरले, सोंड टेकवली. पोट ओसरू लागले. हात उजळू लागला. पांढऱ्या कातडीखाली रंग पसरत गेला, जणू मेलेल्या वेलीत पाणी चढते आहे. मी सगळे, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, देऊन टाकले. आणि काडीसारखी होऊन अंधारात निघून गेले.

कोणी हसले नाही. कोणी किंचाळले नाही. मग पहिल्या रांगेतून सिस्टरांचा खणखणीत आवाज आला, “थांबवा हो जरा! हे काय? डास रक्त द्यायला कधीपासून लागले?”

दिवे लागले. सूनबाईचा चेहरा त्या रबरी त्वचेपेक्षाही पांढरा झाला होता.

“कात्रीकाका!” मॅडम उभ्या राहिल्या. “उलटवलं नाहीत?”

“उलटवलं होतं मॅडम. देवाशपथ.”

“शक्य नाही. मी स्वतः...” मॅडम थांबल्या. “मी पण उलटवलं.”

“म्हणजे दोघांनी मिळून सुलटं केलं की हो!” काकांची पत्नी मागून म्हणाली आणि मग मात्र हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. ज्या प्रसंगावर त्यांचा सारा चित्रपट उभा होता तोच घसरला होता.

वरच्या मजल्याचे प्रमुख सभ्यपणे म्हणाले, “आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. सांगत असाल तर उद्या करून देतो.”

सूनबाईने मान खाली घातली. खिडकीजवळची खुर्ची तिच्या डोळ्यांदेखत वर चालली होती. तेवढ्यात आबा मला सांभाळत उभे राहिले.

“मॅडम, एक विचारू? सिस्टर, मघाशी काय म्हणालात तुम्ही?”

“तेच. डास रक्त कधीपासून द्यायला लागले.”

“बाहुली चांगली जमली नाही, असं तर नाही ना म्हणालात?”

सिस्टर गोंधळल्या. “बाहुली? कुठली बाहुली? डास मोठ्या भिंगातून दाखवला ना तुम्ही?”

“मला तर वाटलं, नवीन जातीचा डास सापडला असेल,” काकांची पत्नी म्हणाली. “यांना मी विचारणारच होते, हा आपल्याकडे कुठे मिळेल म्हणून. माझ्या अंगात रक्त कमी आहे.”

आबांनी माझ्यावरचे झाकण काढले. सिस्टर “अगं आई गं!” म्हणून खुर्चीवर मागे सरकल्या, मग पुढे वाकल्या आणि हळूच एका बोटाने माझे पोट दाबून पाहिले. “रबर आहे हो हे!” त्या इतक्या नवलाने म्हणाल्या, की आता वरच्या मजल्याचे प्रमुखही उठून जवळ आले आणि माझ्या पायांवरचे पट्टे निरखू लागले.

मॅडम अजून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, “काका, तो तुकडा पुन्हा दाखवा. आहे तसाच.”

दिवे मालवले गेले. पुन्हा मी आले, पुन्हा उतरले, पुन्हा सारे देऊन रिकामी झाले. या वेळी मॅडमनी तोंड फिरवले नाही. त्यांच्या मावशीच्या घरातली दोन माणसे त्यांना त्या उजळत जाणाऱ्या हातात दिसली का, ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या मनातले सांगणे हे माझ्यासारख्या तारेच्या जिवाचे काम नव्हे. एवढे पाहिले, की पदराने त्यांनी डोळ्यांच्या कडा टिपल्या.

“आता सुलट करा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे उलट. जे काय असेल ते. लोकांना डास रक्त पितानाच दिसला पाहिजे.” मग सूनबाईकडे वळून, “पुढच्या चित्रपटात वटवाघूळ आहे. त्याला दात असतात ना?”

“असतात मॅडम,” सूनबाई म्हणाली.

“मग लाव.”

दुसऱ्या दिवशी आबांनी आपली उशी खिडकीजवळच्या खुर्चीवरून उचलली आणि भिंतीकडच्या बाकावर नेऊन ठेवली. “चला,” ते म्हणाले, “दगडाची पाठ कशी रंगवायची ते या लोकांना शिकवायचं राहूनच गेलंय.” सूनबाई वाकून नमस्काराला गेली तर म्हणाले, “मला नको. काम ज्यानं करवलं त्याला कर, आणि वटवाघळाला लाग.”

चित्रपट लागला, चालला, उतरला. गावोगाव मी झोपलेल्या बाईचे रक्त प्यायले. प्रेक्षकांनी दात-ओठ खाल्ले; काहींनी म्हणे घरी जाऊन मच्छरदाण्या खोचल्या. फार चांगले झाले. खऱ्या डासांवर दया करा असे मी मुळीच म्हणणार नाही. पाणी साचू देऊ नका, जाळ्या लावा, ताप अंगावर काढू नका. त्यात माझ्या मॅडमचाच शब्द खरा.

आता मी भिंतीवर असते, त्या मिशीवाल्याच्या शेजारी. पोटाचे रबर चिरू लागले आहे, एका पंखाचा गोंद सुटला आहे. समोर खिडकीशी वटवाघूळ आकार घेते आहे आणि सूनबाई त्याच्या दातांवरून आबांशी हुज्जत घालते आहे. मला कशाचे उणे नाही. सोंग ज्याने दिले त्याने ते उतरवूनही घेतले, आणि सोंगाचा डाग आत लागू दिला नाही.

तुमच्याकडे मागणे एकच. कधी तो चित्रपट पाहण्यात आला आणि माझे पोट लाल होताना दिसले, तर मला खुशाल दूषणे द्या, स्वतःच्या दंडावर थापही मारा. फक्त मनात एवढे राहू द्या, की त्या बाईच्या हातून मी जो थेंब घेताना दिसते, तो प्रत्येक थेंब मी तिला आधी दिलेला आहे.